फुकटातल्या डब्याची जबानी

मी एक जुना एसएमपीएस आहे. जुना, आणि आता जळकासुद्धा. मित्रांनो, माझं नाव वाचून तुमच्यातले निम्मे जण पान उलटणार, हे मला ठाऊक आहे. ग्राफिक्स कार्ड म्हटलं की तुमचे डोळे चमकतात, प्रोसेसर म्हटलं की तुम्ही कान टवकारता. मी मात्र कॉम्प्युटरच्या मागच्या कोपऱ्यात स्क्रूने आवळलेला पत्र्याचा डबा. भिंतीतली वीज आत घ्यायची, ज्याला जेवढी सोसेल तेवढी करून वाटायची आणि आपण तापत राहायचं, एवढंच माझं काम. आता तेही राहिलं नाही. आता मला खोलीच्या दाराला टेकू म्हणून ठेवलंय. जोराचा वारा आला की मी दारासकट सरकतो, कारण मी मुळातच हलका आहे.

माझा जन्म एका कोंदट शेडमध्ये झाला. चांगल्या एसएमपीएसच्या पोटात तांब्याची जाड वेटोळी असतात. माझ्या पोटात मालकाने काटकसर भरली होती. वायरी बारीक, आतले सुटे भाग कोणीतरी नाकारलेले. सगळ्यात शेवटी एक बाई आमच्या पाठीवर किती भार झेपेल त्या आकड्याची लेबलं चिकटवायची. माझी पाळी आली तेव्हा लहान आकड्याच्या लेबलांचं रीळ संपलं. तिने मालकाला विचारलं. फोनवर बोलता बोलताच तो म्हणाला, "मग मोठ्या आकड्याचं लाव. उघडून कोण बघतंय?" बाईने लावलं. आतला माल तोच राहिला आणि पाठीवर पहिलवानाचा आकडा आला. पुढे आयुष्यभर लोकांनी तो आकडा वाचला, मला कोणी वाचलं नाही.

बाजारात मला कोणी विकतही घेतलं नाही. कॉम्प्युटरच्या रिकाम्या कॅबिनेटबरोबर मी फुकट दिला गेलो. "हा त्यातच येतो," असं दुकानदार म्हणाला, आणि दोन भावांनी मला घरी नेलं.

घर लहानसंच होतं. स्वयंपाकघराला लागून एक खोली, खोलीत एक टेबल, टेबलाखाली आम्ही. थोरला भाऊ विम्याच्या कचेरीत कारकून. त्याला सगळे दादा म्हणत. धाकटा तेव्हा शिकत होता, नंतर मोबाईलच्या दुकानात लागला. कॉम्प्युटर दादाच्या पैशाने आला आणि धाकट्याच्या मालकीचा झाला. दादाची बायको, म्हणजे धाकट्याची वहिनी, रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत सकाळच्या पाळीला जायची. दुपारी ती परत यायची तेव्हा घरात कोणी नसायचं. भांडी आवरून, हात पुसून ती खुर्ची ओढायची आणि गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावायची.

कोण खेळतंय हे मला न बघता कळायचं. धाकटा खेळायला बसला की माझा जीव टांगणीला. गाडी आपटायची, पुन्हा सुरू, पुन्हा आपटायची. त्याच्या प्रत्येक आदळआपटीबरोबर मला विजेचे हिसके बसायचे. वहिनी मात्र वळणाआधी वेग कमी करायची, वळण संपता संपता हळूच वाढवायची. तिच्या हाताखाली मला एकसारखं काम मिळायचं. दिवसभरातला तेवढा एक तास मी सुखात असायचो. तीही असावी, कारण शर्यत जिंकली की ती रिकाम्या घरात मोठ्याने हसायची.

सगळ्यांचं खातं एकच, धाकट्याच्या नावाचं. त्यामुळे वहिनीने सर्वांत कमी वेळाचा विक्रम केला, तोही त्याच्याच नावावर चढला. संध्याकाळी तो बघतच राहिला.

"वहिनी, हे तू केलंस?"

"नाही हो भावजी, गाडीनेच केलं. मी नुसती बसले होते."

त्याला हसू आलं नाही. पुढे त्याच्या दोस्तांनी तो आकडा पाहिला, तोंडात बोटं घातली आणि त्याची पाठ थोपटली. "बाप आहेस तू!" कोणीतरी म्हणालं. धाकट्याने एक शब्द काढला नाही. वहिनी तिथेच खिडकीतले कपडे काढत होती. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि घड्या घालायला लागली. मला त्याच दिवशी हा मुलगा कळायला हवा होता.

मित्रांनो, माझं कौतुक झालं असं म्हणायला एकच प्रसंग आहे. एकदा वीज अशी काही वरखाली झाली की घरातला टीव्ही गेला. तो धक्का मी छातीवर झेलला आणि कॉम्प्युटर वाचला. "दणकट मशीन आहे आपलं," दादा म्हणाला आणि त्याने कॅबिनेटवर थाप मारली. कॅबिनेटवर! त्या पत्र्याने काय केलं होतं? वहिनी तेवढी दर आठवड्याला मागची जाळी कोरड्या फडक्याने पुसायची. पुसताना तिचा हात माझ्या गरम वाऱ्यापाशी थांबायचा. "बिचारा किती तापतो हा," ती म्हणायची. माझ्याविषयी कोणी बोललेलं तेवढंच.

मग नवे गेम आले आणि आमचा कॉम्प्युटर रखडायला लागला. धाकट्याने महिनाभर मोबाईलवर व्हिडिओ पाहिले आणि तो पंडित झाला. कॉम्प्युटर सुधारायचं ठरलं, पण बजेट बेताचं होतं. त्याचे थोडे, दादाचे थोडे आणि वहिनीने साठवलेले. वहिनीची मागणी एकच होती: शर्यतीसाठी एक साधं, प्लास्टिकचं का होईना, स्टीअरिंग.

"घेऊ गं, उरले तर," धाकटा म्हणाला.

"आणि मागचा तो डबा तेवढा बदला. हात लावून बघा, भाजतो."

"वहिनी, तो एसएमपीएस आहे. तापणारच. आकडा वाच त्याच्यावरचा, हत्ती ओढेल तो."

दुकानदारानेही तेच सुचवलं. कार्ड मोठं आहे, एसएमपीएस चांगला घ्या, म्हणाला. धाकट्याने दादाला कोपराने ढोसलं. "बघ, गळ्यात मारायला बघतोय." दादाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याने मान डोलावली. कोणाचं तरी वापरलेलं पण दांडगं ग्राफिक्स कार्ड घेतलं, रॅम वाढवली. तरीही पैसे उरले. स्टीअरिंग येईल किंवा माझी सुटका होईल, यांपैकी एक नक्की होईल असं मला वाटलं. आले काय, तर रंगीत दिव्यांचे तीन पंखे आणि आतलं दिसावं म्हणून कॅबिनेटला काचेची बाजू! ते पंखे लाल व्हायचे, निळे व्हायचे, जांभळे व्हायचे. त्या रोषणाईची वीज कुठून यायची? माझ्याकडून. वहिनीच्या साठवणीतून माझ्याच डोक्यावर दिवे लावले गेले.

नव्या कार्डाची भूक काय सांगू! त्याने पहिल्याच दिवशी माझ्याकडे इतकं मागितलं की माझा दम निघाला. मी ओरडून सांगितलं असतं, बाबांनो, पाठीवरचा आकडा खोटा आहे. पण मला घरघर करण्यापलीकडे काही येत नव्हतं. घरघर धाकट्याने हेडफोन लावून मिटवली.

त्याच आठवड्यात त्याने कॉम्प्युटरला पासवर्ड घातला. दुपारी वहिनीने खुर्ची ओढली, कळ दाबली आणि समोर ती रिकामी चौकट पाहिली. संध्याकाळी तिने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "नवीन आहे ना, चुकून काही बिघडलं तर? थोडं जुनं होऊ दे, मग बस." वहिनी "बरं" म्हणाली. तिचे पैसे आत होते आणि ती बाहेर होती. त्यानंतर दुपारी ती खोलीत यायची ती फक्त पुसायला.

एका रविवारी सकाळी धाकट्याचे दोस्त नवं मशीन बघायला जमले. रंगीत पंखे पाहून सगळ्यांचे डोळे दिपले. मग एकाने नको ते काढलं. "तो तुझा विक्रम होता ना? कर की पुन्हा, बघू दे आम्हाला."

धाकट्याचे कान लाल झाले. त्याने गेमच्या चित्रांची सगळी सेटिंग शेवटच्या टोकाला नेली, म्हणजे झगमगाटात वेळेच्या आकड्याकडे कोणाचं लक्ष जाणार नाही. पहिल्या वळणावर गाडी आपटली. पुन्हा सुरू केली, पुन्हा आपटली. दोस्त खिदळायला लागले. तो इरेला पेटला. कार्ड माझ्याकडे मागत होतं, पंखे मागत होते, सगळेच मागत होते, आणि मी माझ्याकडे नव्हतं तेही दिलं. मग माझ्या पोटात फाटकन आवाज झाला. जाळीतून धूर निघाला आणि पडदा काळा पडला.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

एक दोस्त म्हणाला, "काय रे, मशीन भारी म्हणत होतास ना?" धाकट्याने इकडे तिकडे पाहिलं. त्याची नजर वहिनीवर गेली. "काल हिने मागून पुसलं होतं," तो म्हणाला. "ओलं फडकं लावलं असणार."

"कोरडं होतं, भावजी."

"मग असा कसा जाईल? इतके दिवस चालत होता ना?"

आवाज ऐकून दादा आला होता. भावाची पडती बाजू त्याला दिसली असावी, कारण तो बायकोवरच घसरला. "तुला किती वेळा सांगितलं, विजेच्या वस्तूंना हात लावत जाऊ नकोस!" हे त्याने एकदाही सांगितलेलं नव्हतं. चार परक्या मुलांसमोर वहिनीने ट्रे टेबलावर ठेवला, कप मोजल्यासारखे एकेक करून मांडले आणि ती आत गेली. मी तिथेच होतो, धुमसत. माझ्या अंगावर पाण्याचा थेंब नव्हता.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने आम्हाला दुरुस्तीच्या दुकानात नेलं. मेकॅनिकने मला बाहेर काढलं, हुंगलं, तळहातावर वजन बघितलं आणि कपाळावर हात मारला. "ह्या फुकटातल्या डब्यावर एवढं कार्ड लावलंत? डोकं ठिकाणावर होतं ना? हा स्वतः गेला आणि कार्डाला पण घेऊन गेला. डिस्कही गेली."

"पाणीबिणी गेलं असेल का आत?" धाकट्याने विचारलं. त्याच्या आवाजात आशा होती, मित्रांनो. मी ती ऐकली.

"कसलं पाणी? कोरडा ठणठणीत आहे. भार झेपला नाही, बस्स."

म्हणजे त्याला कळलं. त्या क्षणापासून खरं कारण काय ते जगात तिघांना माहीत होतं: मेकॅनिकला, धाकट्याला आणि मला. मेकॅनिकला त्या घराशी देणंघेणं नव्हतं. मला तोंड नव्हतं.

संध्याकाळी धाकट्याने मला पिशवीत घालून घरी परत आणलं तेव्हा दादाने विचारलं, "काय म्हणाला रे?"

"शॉर्ट झालं म्हणे," धाकटा बूट काढत म्हणाला.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली होती. तिच्या हातात पुसायला घेतलेली ताटली होती. ती पुढच्या वाक्याची वाट पाहत होती. धाकट्याने दुसरा बूट काढला, मोजे झटकले आणि मूग गिळले. दादा म्हणाला, "म्हणजे ओलच की." वहिनी आत वळली. ती ताटली ती कितीतरी वेळ पुसत राहिली.

आता माझ्या जागी नवा, जड, चांगल्या घरचा एसएमपीएस आहे. आधीचं छोटं कार्ड परत बसवलंय. नव्या डिस्कवर सगळं नव्याने भरलं, त्यामुळे वहिनीचा विक्रमही पुसला गेला. धाकट्याला काही बोचत नसेल असं नाही. या वेळी त्याने पासवर्ड घातलाच नाही. एका सुट्टीच्या दिवशी तर तो चक्क स्टीअरिंग घेऊन आला, पेटी फोडली, टेबलाला लावलं आणि खुर्ची मागे ओढून म्हणाला, "वहिनी, ये ना. एक शर्यत."

वहिनी दारात आली. स्टीअरिंगकडे तिने पाहिलं. मला वाटलं, आता बसेल.

"नको भावजी," ती म्हणाली. "माझे हात ओले असतात."

ती हसूनच म्हणाली. धाकट्याचं तोंड उघडलं. मी मनात म्हटलं, बोल. आता तरी बोल, एकच वाक्य आहे. त्याने तोंड मिटलं आणि स्टीअरिंगची वायर नीट करत बसला. ती पुन्हा कधी त्या खुर्चीवर बसली नाही. दुपारच्या वेळी घर आता अगदी शांत असतं.

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी वस्तू जपा, धूळ झटका असं काहीतरी सांगायचं असतं. खुशाल जपा. नवं काही घ्याल तेव्हा रोषणाईआधी भार कोण उचलतोय ते बघा, आणि आकडा वाचून थांबू नका, हात लावून बघा. पण तुम्ही हे विसरलात तरी फार बिघडणार नाही; डबा जळेल, दुसरा येईल. दुकानात कळलेलं खरं मात्र घरी येऊन सांगा. बूट काढायच्या आधी सांगा. जिच्यावर आळ घेतला तिच्यासमोर, आणि ज्यांच्यादेखत घेतला त्यांना पुन्हा बोलावून, मोठ्याने सांगा. माझं तोंड कारखान्यातच बसवायचं राहिलं. तुम्हाला तर आहे.