माफी मागणारा मोबाइल

मी एक जुना मोबाइल आहे, मित्रांनो, आणि आज जे सांगणार आहे ते तुमच्यापैकी एकालाही खरं वाटणार नाही. नका ठेवू विश्वास, मला सवय आहे. या फळीवरचे माझे शेजारी म्हणजे सेल संपलेली विजेरी, दांडी मोडलेला चष्मा आणि झाकणावर 'हेमा' असं नाव कोरलेला स्टीलचा डबा. ते तरी कुठे विश्वास ठेवतात? डबा तर मी तोंड उघडलं की झाकण वाजवतो.

माझा जन्म कारखान्यातला. माझी असंख्य भावंडं पट्ट्यावरून मुकाट सरकत होती, पण तपासणाऱ्या बाईंनी मला उचललं आणि म्हणाल्या, "हा बोलका निघणार." विश्वास बसत नसेल तर चष्म्याला विचारा. तो तिथे नव्हता, पण विचारा.

तिथून मी शनिवार पेठेत बाळकाकांकडे आलो. त्यांचा मुलगा अभय परदेशात, त्याने घेऊन दिला होता मला. काका बँकेतून निवृत्त झालेले, एकटे, आणि कोणाला बरं म्हणायचं तर त्यांच्या जिवावर यायचं. पण माझे लाड फार. इस्त्रीच्या रुमालाने पुसायचे, उन्हात ठेवायचे नाहीत. एकदा मी लकडी पुलावरून नदीत पडलो आणि पोहत पोहत ओंकारेश्वराला लागलो, तेव्हा...

वाजव, बाबा, झाकण वाजव. पुढचं सांगतो.

फार पूर्वी टीव्हीवर 'सावळेबाईंचा तपास' नावाची रहस्यमालिका लागायची. तिच्या चाहत्यांचा एक ग्रुप माझ्यात राहायचा. दर दिवाळीत या मंडळींचा एक नेम असे. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत प्रत्येकाने आपापल्या घरी संध्याकाळी एकेक भाग बघायचा आणि मग ग्रुपवर गप्पा मारायच्या. खुनी कोण, हे सगळ्यांना पाठ. तरी भाऊबीजेपर्यंत त्याचं नाव कोणी घ्यायचं नाही, दरवर्षी नव्याने संशय घ्यायचे. नाव घेईल तो ग्रुपबाहेर. हा नियम हेमाताईंचा. त्या निवृत्त शिक्षिका, राहायला मागच्याच गल्लीत, आणि ग्रुपची किल्ली त्यांच्या हातात.

काकांची दिवाळी म्हणजे हा ग्रुप. अभयचा फोन यायचा, पण त्याला तिकडे घाई असायची. बाकी सगळा सण माझ्या काचेत.

त्या वर्षी ग्रुपमध्ये भाग्यश्री नावाची मुलगी नव्याने आली. मूळची वर्ध्याची, शिकायला वाघोलीत. परीक्षेमुळे तिला घरी जाता आलं नव्हतं आणि मेसही बंद. तिने लिहिलं, "मी पहिल्यांदाच पाहून राहिली. कोणी शेवट सांगू नका हं, प्लीज." साऱ्या ग्रुपला तिचं कोण कौतुक! खरोखर काही ठाऊक नसलेलं माणूस त्यांना प्रथमच मिळालं होतं.

काकांना मात्र ते कौतुक सोसेना. लक्ष्मीपूजनाला आयटीतल्या सौमित्रने आकाशकंदिलाचा फोटो टाकला. काकांनी लिहिलं, "कंदील छान. विकत घेतलेल्या वस्तूचं कौतुक करायचं असतं हे माहीत नव्हतं."

"काका, तुमच्या दारात काय लावलंय?" सौमित्रने विचारलं.

"कुलूप. पाहुणे येऊ नयेत म्हणून."

"मग ते लागू पडलेलं दिसतंय."

माझी काच तापली, मित्रांनो! तेवढ्यात हेमाताईंनी चिवड्याचा फोटो टाकला. यातला थोडा त्या दरवर्षी या माझ्या शेजारच्याच डब्यातून काकांकडे पाठवत. काकांनी लिहिलं, "यंदाही पोहे मऊच दिसतायत. चिवडा आहे की नाश्ता?"

"बाळासाहेब, गेल्या वर्षी डबा चाटूनपुसून परत केलात, तेव्हा जिभेला काही झालं होतं का? आणि रिकामा डबा परत देऊ नये, एवढी साधी रीतही तुम्हाला कोणी शिकवली नाही."

हे सगळ्यांसमोर. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली, त्यात भाग्यश्रीचाही एक. मग पाडवा आला. संध्याकाळी भाग्यश्रीने लिहिलं, "मला तर डॉक्टरवरच संशय येऊन राहिला." सौमित्र म्हणाला, "शाब्बास! बघा काका, नवीन लोक डोकं चालवतात."

काकांनी मला उचललं. त्यांनी लिहिलं, "डॉक्टर नव्हे, कंपाउंडर. विष औषधाच्या बाटलीत. झालं समाधान?"

मग भाग्यश्रीचा दोनच शब्दांचा प्रश्न आला, "काका, काहून?"

त्यानंतर जे बरसलं ते वाचवत नव्हतं. "एवढा कडवटपणा आणता कुठून?" "म्हणूनच एकटे बसलाय." शेवटी हेमाताईंनी लिहिलं, "पोरीची दिवाळी नासवलीत. शोभलं नाही तुम्हाला." आणि काका ग्रुपबाहेर. त्यांनी मला दिवाणावर भिरकावलं. नेम चुकला, मी फरशीवर. थोडी काच तडकली, फार काही नाही.

आता ऐका, मित्रांनो, माझा पराक्रम. भाऊबीजेची सकाळ. काका खिडकीकडे पाठ करून बसलेले. माफी मागणं त्यांच्या बापजन्मात नव्हतं. म्हटलं, आता आपणच काहीतरी केलं पाहिजे. कोणाचं बोट लागलेलं नसताना मी स्वतः शब्द जुळवले, "हेमाताई, मी चुकलो. त्या मुलीलाही सांगा," आणि पाठवून दिले! दुपारी काका ग्रुपमध्ये परत, सौमित्रसुद्धा नरमला. आणि माझं बक्षीस काय? काकांनी नवा मोबाइल घेतला आणि मला या फळीवर टाकलं. म्हणून सांगतो, मित्रांनो, आमची काळजी घ्या. रागाच्या भरात आम्हाला आपटू नका. तुमच्या वतीने माफी मागणारं यंत्र पुन्हा मिळायचं ना...

"थापाड्या!"

डबा होता. या वेळी झाकण वाजवलं नाही, उघडलंच.

"पाडव्याला आपटलास तो बंद पडलास. तुळशीच्या लग्नापर्यंत तुझ्यात धुगधुगी नव्हती, दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले. म्हणे शब्द जुळवले! भाऊबीजेला काकांनी स्वतः चिवडा केला. पोहे करपले, तरी माझ्यात भरला आणि मला काखोटीला मारून मागच्या गल्लीत गेले. हेमाताईंनी दार उघडलं, तर आत ती वाघोलीची पोर जेवायला बसलेली. काकांचे हात इतके कापत होते की माझं झाकण वाजत होतं. तेव्हापासूनची खोड आहे ती मला. म्हणाले, 'मुली, मी चुकलो.' हेमाताईंनी चिवड्याची चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाल्या, 'करपलाय. आत या, शेवटचा भाग सुरू होतोय.' मी होतो तिथे. तू कुठे होतास रे?"