महिनाभर थांबलेली चिठ्ठी

गणवेश शिवणाऱ्या त्या बाईच्या घरात पैशाचा एकच नियम होता आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती. काही हवंसं वाटलं की ते चिठ्ठीवर लिहायचं, तारीख घालायची आणि चिठ्ठी बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकायची. महिन्याच्या शेवटच्या रविवारी डबा उघडला जाई. आई चिठ्ठी वाचून विचारी, "अजून हवंय?" हवं असेल तर निम्मे पैसे मुलीच्या खाऊच्या पैशांतून, निम्मे आईचे. नको असेल तर चिठ्ठी फाडायची.

नियम उगाच आला नव्हता. नवऱ्याने दिसेल ते हप्त्यांवर घेऊन घर भरलं होतं आणि सगळे हप्ते हिच्या गळ्यात घालून तो चालता झाला होता. पोरीच्या वाट्याला तसले दिवस येऊ नयेत, एवढंच तिला हवं होतं. पोरही अवघी तेरा वर्षांची, पण पैशाला इतकी घट्ट की आई तिला कौतुकाने खजिनदारबाई म्हणे. लाल चपला, चमकीचं दप्तर, केसांच्या पिना, सगळ्या चिठ्ठ्या तिने आपल्याच हाताने फाडल्या होत्या. आई गिऱ्हाइकांपुढे याची फुशारकी मारायची, आणि खोटं कशाला बोला, तिला ती शोभायचीही.

शाळा उघडण्याआधीचा महिना बाईला श्वास घेऊ देत नसे. कॉलर, बाह्या, काजं, बटणं. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. त्यापायी या सुट्टीत आजीकडे जाणंही राहून गेलं होतं. आजी म्हणजे बाईची आई, बसने तीन तासांवर एकटीच राहायची. बाई रविवारी दोन मिनिटं फोन करी आणि आजी म्हणे की मी ठणठणीत आहे, तू तुझ्या कामाचं बघ. नातीशी मात्र ती रोज दुपारी निवांत बोलायची.

महिना नुकताच लागला होता. खजिनदारबाई मशीनजवळ येऊन उभी राहिली. तिला काहीतरी हवं होतं. आईने दोरा दातात धरूनच डब्याकडे बोट केलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली आणि विचारू लागली, की महिना फार होतो, या वेळी जरा लवकर नाही का चालणार. तेवढ्यात सुईखालची कॉलर वाकडी गेली आणि आई खेकसली.

"नियम म्हणजे नियम. हवं ते लगेच मिळालं नाही म्हणून कुणी मरत नाही."

मुलीने पुन्हा विषय काढला नाही.

तेविसाव्या दिवशी आजीच्या शेजारणीचा फोन आला. आजी सकाळी उठलीच नव्हती. मायलेकी मिळेल त्या बसने गेल्या. शेजारीण सांगत होती, की म्हातारीचं महिनाभर काही खरं नव्हतं, बोलताबोलता हरवायची, आणि नात येणार म्हणून दुपारी दाराला कडी लावायची नाही. बाईला वाटलं, म्हातारपणाचा भ्रम असेल.

परत आल्यावर शेवटचा रविवार आला. आईच्या ध्यानातही नव्हतं, मुलीनेच डबा आणून पुढ्यात ठेवला. आत एकच चिठ्ठी होती, महिन्याच्या दोन तारखेची.

'मला आजीकडे जायचं आहे. ती मला तुझ्या नावाने हाक मारते आणि एकच गोष्ट तीनतीनदा विचारते. मी येते म्हणून सांगितलंय. तिकिटाचे सगळे पैसे माझ्याकडे आहेत. तू निम्मे देऊ नकोस, आणि कामही सोडू नकोस. मी एकटी जाईन.'

स्वतःचा इतका राग आईला आयुष्यात आला नव्हता.

"अगं, हे तोंडाने का नाही सांगितलंस मला?"

"तूच म्हणालीस ना, चिठ्ठी टाक."

तिच्या आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता. असता तर आईला बरं वाटलं असतं. पोरीने सांगितलं तेवढं केलं होतं, आणि नेहमीसारखी ती समोर बसून पुढच्या प्रश्नाची वाट बघत होती. आईच्या तोंडून तो फुटेना.

शेवटी मुलीनेच तिच्या हातातली चिठ्ठी घेतली, नीट घडी घालून पुन्हा डब्यात ठेवली.

"अजून हवंय," ती म्हणाली.