व्हर्लीनचं स्टूल

आर्कान्सासच्या डोंगरात राहणाऱ्या व्हर्लीनला तिचा थोरला भाऊ हार्लन साठीतही 'बुटके' म्हणायचा. ओढ्याला पाणी चढलं की तिची पिकअप मधेच बंद पडायची. हार्लन ती दोर लावून ओढायचा आणि वर गावभर सांगत सुटायचा.

शेवटी तिनं गॅरेज गाठलं.

"पाण्यात अडकू नये म्हणून हार्लनची गाडी किती उंच उचललीस रे?" तिनं कॉय मेकॅनिकला विचारलं.

"चार इंच."

"माझी सहा उचल. चाकंही त्याच्याहून मोठी घाल."

"मावशी, मग चढणार कशा? पायऱ्या लावून देतो."

"पायऱ्या म्हाताऱ्यांना! माझं धार काढायचं स्टूल आहे."

गाडी तयार झाल्यावर ती स्टुलावरून वर चढली आणि त्याला बांधलेल्या दोरीनं तेही वर ओढून घेतलं. अख्खं गॅरेज हसलं. हसेनात का!

मार्चच्या पुरात ओढ्यात हार्लनची गाडी अडकली. व्हर्लीन पाणी उडवत आली आणि दोर लावून तिनं ती काठावर ओढली. गाडी काही सुरू होईना. भिजलेला हार्लन बहिणीच्या गाडीच्या दाराशी आला, पण पाय ठेवायचा कुठे?

वरून दोरीला लटकत स्टूल खाली आलं.

"चढ, बुटक्या," व्हर्लीन म्हणाली.