दुपारी चारची वेळ

रफूवाल्या आक्कांनी हनुवटी डोळे तपासायच्या यंत्राच्या टेकूवर ठेवली. डॉक्टरीणबाईंनी दिव्याच्या उजेडाची बारीक फट त्यांच्या उजव्या डोळ्यावर आणली आणि ती हळूहळू पुढेमागे सरकवली. डावा डोळा कधीच गेला होता. उरला तो हाच. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या बुबुळावरच्या काचेला आतून, कुणा मेलेल्या माणसाच्या डोळ्यातला पातळसा पापुद्रा बसवलेला.

"आक्का, सकाळी धूसर दिसतं का? दुपारपर्यंत निवळतं असं?"

"धूसर कसलं!" मागून सून म्हणाली. "माझ्या एकेका टाक्याला नावं ठेवतात अजून."

आक्कांची बोटं टेबलाची कड चाचपत राहिली. दोन वर्षं दिसत होतं धूसर. उठल्यावर सगळं घर जणू दूध फासलेल्या काचेपलीकडचं. म्हणून सकाळी त्या नुसतं उसवायचं काम घ्यायच्या. त्याला बोटं पुरतात. बारीक जोड जेवणानंतर. 'सासूबाई सकाळी उसवतात नि दुपारी शिवतात, तोंडाचंही तसंच,' असं सून गिऱ्हाइकांना सांगायची आणि सासू-सून दोघी हसायच्या. वय झालं की हे यायचंच, असं आक्का मनाशी म्हणत. डोळ्यात घालायचा औषधाचा थेंब मात्र त्यांनी एकही दिवस चुकवला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी जुने कागद उलटले.

"दर खेपेला दुपारी चार. चारला काच स्वच्छच दिसायची. आज दुपारी मी नाही म्हणून सकाळी बोलावलं, तर ही सूज."

"वेळ मीच घेते," सून म्हणाली. "सकाळी गिऱ्हाईक असतं ना. दुकान टाकून कसं यायचं..." ती अडखळली. "म्हणजे, झालंय काय?"

"पापुद्रा थकलाय. रात्रभर डोळा मिटलेला राहिला की काचेत पाणी साचतं, उघडा राहिला की दुपारपर्यंत सुकतं. वेळेत कळलं असतं तर नुसता पापुद्रा बदलून भागलं असतं. आता काचेतच वण पडलाय. अख्खी काच बदलावी लागेल. ती कधी मिळेल, किती टिकेल, मी शब्द देऊ शकत नाही. सुईचं काम आजपासून बंद."

"मागच्या वर्षी सकाळची वेळ घेतली असती, तर?" सुनेनं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"धूसर कधीपासून दिसतंय, आक्का?"

आक्कांनी मघाशी सुनेचा आवाज आला होता तिकडे मान वळवली. सुनेच्या जागी एक करडा डाग होता आणि तो हलत होता.

"दोन वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "मला ठाऊक होतं. सुई सोडा म्हणाल म्हणून लपवलं. हिला दुपारची वेळ घ्यायला मीच लावायचे. ही सकाळचीच घेऊ म्हणायची. लिहा तसं."

"पण आई..." एवढंच सून म्हणाली.

पेन कागदावर खरखरत ओळीच्या शेवटापर्यंत गेलं.