सातव्या ओळीची छाटणी

टेकडीवर द्राक्षबाग आहे, हे शहरातले लोक कधीच विसरून गेले होते. खालच्या रस्त्यावरून पाहणाऱ्याला ते काटेरी रानच वाटे. पाणीवालीला ती बाग सापडली ती कामामुळे. सत्तावीस वर्षं ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती, म्हणून सगळे तिला पाणीवाली म्हणत. वरच्या जुन्या विहिरीचा नमुना घ्यायला ती गेली आणि काट्यांतून वाट काढताना तिचा हात एका खोडावर पडला. मांडीएवढं जाड, पिळलेलं, साल सुटलेलं. शेंड्याला काळ्या द्राक्षांचा लहानसा घड होता. तिने एक मणी तोंडात टाकला. आधी आंबट लागला, मग बराच वेळ जिभेवर काहीतरी राहिलं, त्याला तिच्याकडे नाव नव्हतं.

निवृत्त झाल्यावर तिने ती बाग घेतली. बागेतली दगडी खोली राहण्याजोगी केली आणि शहरातलं घर सोडून तिथे आली. औषध फवारायचं नाही, पाकिटातलं यीस्ट घालायचं नाही; द्राक्षं, पिंप आणि वेळ, एवढ्यावरच वाइन करायची, असं तिने ठरवलं.

"सत्तावीस वर्षं गावाला पाणी पाजलंस," ताई फोनवर म्हणाली, "आता वाइन पाजणार होय?"

ताई लांब राहायची. दर रविवारी सकाळी अकराला तिचा फोन येई. बाकीचे सहा दिवस पाणीवाली बोललीच, तर वेलींशी नाहीतर शेगडीशी.

पहिल्या हिवाळ्यात मजूर लावून तिने काटे काढले. बावीस ओळी निघाल्या. त्यांतली सातवी ओळ तिला जरा बऱ्या स्थितीत दिसली. चौदा वेली, बुंध्याशी झाडोरा नाही, काड्या तारेला कापडी पट्ट्यांनी बांधलेल्या. बरी टिकली ही, एवढंच तिच्या मनात आलं. कशी टिकली, हे तिने विचारलं नाही. विचारायला तरी कोण होतं?

आता छाटणी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. द्राक्षाच्या वेलीला दर वर्षी लांबलांब काड्या फुटतात. काडीवर थोड्याथोड्या अंतराने डोळे असतात आणि पुढच्या वर्षीचा कोंब त्या डोळ्यातून निघतो. हिवाळ्यात वेल झोपलेली असताना काडी कापायची. किती डोळे ठेवायचे, ते कापणाऱ्याने ठरवायचं. पुस्तकात लिहिलं होतं, दोन. पाणीवाली प्रयोगशाळेतली बाई. दोन म्हणजे दोन. तिने बावीसच्या बावीस ओळी दोन डोळ्यांवर आणल्या. सातवीसुद्धा.

हिवाळा सरता सरता सातव्या ओळीच्या खांबाला तिला कापडी पट्ट्यांची एक जुडी अडकवलेली दिसली. मजूर विसरले असतील, असं समजून तिने ती खोलीत नेऊन ठेवली.

उन्हाळ्यात पानं अशी माजली की ओळीतून चालता येईना. घड मात्र शोधावे लागले. बावीस ओळींची मिळून एक टोपली भरली. पिंप रिकामंच राहिलं. काचेच्या बरणीत मावेल एवढी वाइन झाली.

"मग पानांची कर," ताई म्हणाली. मग म्हणाली, "माझ्याकडची मागची खोली रिकामी आहे गं. ये इकडे."

"एक छाटणी बघते ताई. पुढच्या वर्षीही अशीच गत झाली, तर येते."

"शब्द?"

"शब्द."

फोन ठेवल्यावर तिने खोलीभर नजर फिरवली. एक खुर्ची, एक कप. तरीही तिला जायचं नव्हतं.

थंडी सुरू झाली तशी ती गेल्या वर्षीच्या छाटणीचा ढीग शेगडीत घालू लागली. एका सकाळी हाताला कमानीसारखी वाकलेली, हातभर लांब काडी आली. तिला कापडी पट्टी अजून बांधलेली होती. सातव्या ओळीतली. दोन डोळ्यांची नव्हे, चांगली दहा डोळ्यांची. पाणीवालीने ती खिडकीपाशी नेली. पहिल्या तीन डोळ्यांतून निघालेल्या फुटव्यांवर काहीच नव्हतं. चौथ्यापासून पुढे मात्र प्रत्येकावर घडाचा वाळका देठ.

म्हणजे या जातीच्या वेलीला बुडाशी घड येतच नाहीत. ते काडीच्या पुढच्या भागात येतात. तिने तोच भाग कापून, जाळून त्यावर शेक घेतला होता.

आणि ही काडी कोणीतरी मुद्दाम लांब ठेवली होती, तारेला बांधली होती. पट्टी जुनी नव्हती. ती कोटाच्या कापडाची किनार होती, आणि खांबाला अडकवलेली जुडीही तशाच पट्ट्यांची होती. शहरात कोट शिवणारं एकच दुकान उरलं होतं.

दुकानाच्या काचेत बिनडोक्याचा एक पुतळा अर्धवट कोट घालून उभा होता. आत शिंपीकाका गळ्यात टेप टाकून बसले होते. वय ऐंशीच्या आसपास. तिने टेबलावर ती काडी ठेवली आणि शेजारी वाइनची लहान बाटली.

"ही पट्टी तुमची का, काका?"

काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. "पट्टी माझी, काडीही माझीच. कापणाऱ्या तुम्ही का?"

"हो."

"दोन डोळ्यांवर!"

"पुस्तकात तसं होतं."

"पुस्तकाला कुठे घड येतात, बाई?"

ती ओशाळून हसली. काका हसले नाहीत. त्यांची आई त्या बागेत कामाला होती. सातवी ओळ तिच्याकडे असे. बाग बंद पडली, माणसं पांगली, आई गेली. त्या हिवाळ्यात काका सहज वर गेले आणि चौदा वेली छाटून आले. मग दर वर्षी जात राहिले. चाळीस वर्षं.

"पण कशासाठी?"

"इथे गिऱ्हाईक माझ्या कात्रीकडे बघत उभं असतं. तिथे कोणी नसायचं. कोणी बघत असलं की माझा हात चुकतो." ते काडी बोटांत फिरवत राहिले. "मागच्या हिवाळ्यात गेलो, तर ओळ कापलेली. म्हटलं, आता मालकीण आली. बांधायला लागतील म्हणून पट्ट्या ठेवल्या आणि उतरलो."

"मला वाटलं, मजूर विसरले."

काकांनी खडू उचलला. टेबलावरच्या काळ्या कापडावर त्यांनी एक लांब रेघ ओढली आणि तिच्यावर दहा ठिपके दिले. "हे तीन, आळशी. हे पुढचे कामाचे. पेन्सिलीएवढी जाड काडी निवडायची, फार जाड नको, ती नुसती मिजासखोर असते. इथे कापायचं आणि वाकवून बांधायचं. तुम्ही काढा बघू."

तिने तीनदा रेघ काढली. तिसऱ्यांदा ते नुसते "हं" म्हणाले. मग बाटलीतला एक घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं आणि आणखी एक घेतला. "आमची आईही द्राक्षं खाताना अशीच तोंड वाकडं करायची, आणि पुन्हा खायची."

"या हिवाळ्यात याल?"

"आता टेकडी चढवत नाही," काका म्हणाले आणि कात्री उचलून कामाला लागले.

तिने एकवीस ओळी त्यांनी दाखवल्या तशा छाटल्या. सातवीला हात लावला नाही. पट्ट्यांची जुडी पुन्हा खांबाला अडकवली. आठवडे गेले. वेलींचे डोळे फुगू लागले. आणखी उशीर झाला असता, तर कोंब फुटून ओळ वाया गेली असती. रोज सकाळी ती खिडकीतून वाटेकडे पाही आणि मग एकटीच चहा घेई.

एका सकाळी वाटेवर कोट दिसला. दहा पावलं चालायचा, थांबायचा. ती दाराकडे धावली, कडीवर हात ठेवला आणि तिथेच थबकली. मग परत येऊन खुर्चीत बसली, खिडकीकडे पाठ करून.

कात्रीचा आवाज सुरू झाला. कट. बराच वेळ काही नाही. कट.

तेवढ्यात फोन खणखणला. रविवार होता. तिने झडप घालून उचलला.

"कुजबुजतेस काय?" ताई म्हणाली.

"कोणीतरी आलंय."

"अगं बाई! कोण?"

"बाहेर आहेत."

"मग आत बोलव की!"

"नाही."

"डोकं फिरलंय तुझं," ताई म्हणाली. पण तिनेही आवाज खाली आणला होता.

पाणीवाली दिवसभर हलली नाही. कात्री थांबली की श्वास धरायची, सुरू झाली की सोडायची. इतक्या महिन्यांत त्या खोलीला दुसऱ्या माणसाचा आवाज असा लागला नव्हता. दुपार कलल्यावर आवाज थांबला आणि पुन्हा आलाच नाही. बऱ्याच वेळाने ती बाहेर गेली. वाट मोकळी होती.

नऊ वेली छाटून, वाकवून बांधल्या होत्या. दहावी कापलेली नव्हती. तिच्या एका काडीवर, कुठे कापायचं तिथे, खडूची पांढरी रेघ होती. उरलेली जुडी शेजारच्या तारेला लटकत होती. हात थकले म्हणून ते थांबले, की एवढंच करायचं ठरवून आले होते, हे सांगायला तिथे कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दहाव्या वेलीची ती काडी रेघेवर बरोबर कापली. कापल्या जागी पाण्याचा एक थेंब फुगून आला. मग ती अकरावीपाशी गेली. तिथे खडू नव्हता. तिने मागे वळून वाटेकडे पाहिलं, मग पेन्सिलीएवढी जाड काडी निवडली आणि बुडापासून डोळे मोजायला सुरुवात केली.