टॉकीजसमोरचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. त्रिशूरजवळच्या एका गावात, टॉकीजच्या अगदी समोर, दाक्षायणी चेचीच्या, म्हणजे ताईच्या, चहाच्या दुकानाबाहेर मी टांगलेला असतो. फणसाच्या फळ्या जोडून एका सुताराने मला घडवले. आधी मी एका शिकवणीच्या वर्गात पुष्कळ गणिते सोसली. वर्ग बंद पडला, तेव्हा चेचीने मला चहाचे भाव लिहायला आणले. पण सिनेमा पाहून आल्यावर तिला गप्प बसवेना. एका शुक्रवारी तिने भाव पुसले आणि लिहिले, "नायक नाचतो बरा, रडतो वाईट. रुमाल नको, उशी न्या."

तेव्हापासून दर शुक्रवारी ती पहिला खेळ बघायची, येऊन मत लिहायची आणि ते वाचून गाव तिकीट काढायचे. "मध्यंतरापर्यंत छान. पुढे भजी खायला इकडे या." असली तिची मते! भीडभाड नाही. टॉकीजचे मालक पाप्पच्चन तिच्यावर चिडायचे, पण चहा तिच्याकडेच प्यायचे. मला माझा भारी अभिमान होता. माझ्यावर कधीच खोटे उमटले नव्हते.

मग शेजारच्या माधवी अम्मांच्या मुलाला, बिनीशला, सिनेमात काम मिळाले. नायकाला चहा द्यायचा आणि चार वाक्ये बोलायची. गावाने काय करावे? टॉकीजच्या दारात नायकापेक्षा मोठा बिनीशचा फ्लेक्स लावला, चेंडा ढोल वाजवणारे बोलावले! पाय मोडल्यामुळे अम्मांना आत जाता आले नाही. त्या माझ्याखालच्या बाकावर बसल्या. त्यांना वाचता येत नव्हते.

"फळ्यावर काय येतं ते मला वाचून दाखवा हं," त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या.

खेळ सुटला. सर्वांआधी बिनीश बाहेर आला आणि मान खाली घालून दुकानामागे सरपणाआड जाऊन बसला. मागून लोक आले. चेंडा वाजलाच नाही.

"अहो, अख्ख्या सिनेमात त्याचा नुसता हात!" पाप्पच्चन चेचीच्या कानाशी कुजबुजले. "तोही मनगटापर्यंत! आणि मी दारात त्याचं तोंड टांगून बसलोय!"

चेची खडू घ्यायला मागे गेली, तर बिनीशने तिचा पदर धरला.

"चेची, मी बोललो होतो गं. देवाशपथ. कापलं त्यांनी. अम्माला कळू देऊ नकोस. छान काम केलं असं लिही. एकदाच खोटं लिही, माझ्यासाठी."

चेची माझ्यासमोर आली आणि खडू धरून नुसती उभी राहिली. मित्रांनो, खोटे लिहिले तर माझी अब्रू जाणार, खरे लिहिले तर बिनीशची.

अखेर तिने लिहिले. पाप्पच्चननी मोठ्याने वाचले, "सिनेमा कंटाळवाणा. नायकाचा चेहरा आत्ताच विसरले. चहा देणारा हात मात्र खरा. पेला काठोकाठ, पण एक थेंब सांडला नाही."

अम्मा बाकावरून पुढे वाकल्या. "नुसता हातच?"

"हातच," चेची म्हणाली.

"अंगठ्यावर भाजल्याचा डाग होता?"

"होता. पडद्यावर पपईएवढा दिसला."

"मग माझाच तो! चार वर्षांचा असताना उकळतं पायसम ढवळायला गेला होता मेला! कुठे लपलाय? ये इकडे, दाखव हात!"

लोक खो खो हसले आणि चेंडा वाजू लागला. दुसऱ्या दिवशी चौघांनी अम्मांना खुर्चीसकट टॉकीजमध्ये नेले. आठवडाभर गाव तो हात पाहायला जात होते.

आता लोक फोनवरच मते वाचतात. चेचीचे गुडघे दुखतात. कित्येक शुक्रवारी मी कोराच असतो आणि उन्हापावसात करडा पडत चाललो आहे. वाईट वाटते, कशाला लपवू? पण माझ्या खालच्या कोपऱ्यात ती हाताची ओळ अजून आहे. ती पुसट झाली की अम्मा खडू घेतात आणि न वाचता येणारे ते एकेक अक्षर गिरवतात.

मित्रांनो, सिनेमाला खुशाल नावे ठेवा. आम्हीही ठेवली. फक्त त्याआधी त्यात चहा कोणी दिला, तेही बघा. आणि तुमच्याकडे एखादा जुना फळा असेल, तर त्याला विसरू नका.

बिनीश सुट्टीत येतो, तेव्हा कोळसा आणि तोंडल्याच्या पाल्याचा रस लावून मला पुन्हा काळाभोर करतो. तो कोपरा तेवढा सोडतो. त्याच हाताने.