सतरा नंबरचा फॉर्म

खोटं कशाला बोलू, आईचा फॉर्म मीच शाळेत दिला न्हाय.

दहावीला बाहेरून बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म लागतो. आईनं तो सही करून, फोटो डकवून जुलैत माझ्या हातात दिला. राजारामपुरीत माझा स्पर्धा परीक्षेचा क्लास, वाटेतच शाळा, देऊन यायला असा कितीसा वेळ? पण मी तो पिशवीत ठेवला, मग वहीत ठेवला, मग मुदत संपली. आईला म्हणालो, ''दिला.''

कारण सांगतो. आमच्या गडमुडशिंगीत चौदा एप्रिलच्या जयंतीला स्टेजवर पास झालेल्यांचा सत्कार असतो. बारावीला माझा झालता. तेव्हापासनं माईकवर 'आपले होणारे साहेब, बुद्धभूषण' असंच नाव घेत्यात, आणि तीनदा परीक्षा देऊन मी अजून होणाराच. त्याच स्टेजवर अठ्ठावन्न वर्षांच्या, कचेरीत शिपाई असलेल्या आईला हार पडणार आणि मी खाली बसून टाळ्या वाजवणार. न्हाय सोसलं. जळलो मी, सख्ख्या आईवर जळलो.

बरं, तिला ह्यातनं मिळणार तरी काय? दोन वर्षांत रिटायर. बढती न्हाय की काय न्हाय. शेजारची बयाबाई रोज म्हणायची, ''मीना, आता काय कलेक्टर व्हतीस काय?'' आई हसायची. सकाळी भाकरी थापायच्या आधी कचेरीतनं आणलेली रद्दी पाकिटं उलटी करून त्यावर बीजगणित मांडत बसायची. तिची पेन्सिल कागदावर चालली की मी पुस्तक उघडायचो आणि एकच पान तासभर बघत बसायचो.

फेब्रुवारीत तिनं विचारलं, ''भूषण, हॉल तिकीट कवा येतंय रं?''

''येईल की.''

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ''रजा टाकलीया. शाळंतच जाऊन विचारती.'' माझं धाबं दणाणलं. ती दारात चप्पल घालत होती, तिथंच अडवलं आणि सगळं ओकून टाकलं.

ती उंबऱ्यावर बसली.

''माझी लाज वाटली व्हय रं?''

''तुझी न्हाय आये. तू पास झालीस आणि मी पुन्हा नापास, तर लोक काय म्हणतील, ह्याची.''

''मग तसं सांगायचं हुतंस. मी स्टेजवर गेली नसती. पेपर तेवढा लिहिला असता.'' आणि ती रडली. माझ्यामुळं रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पेन्सिल चालू. मी उठून तिच्याजवळ गेलो.

''आता कशाला गं? परीक्षा तर न्हाय.''

''क्ष आणि य चं एक गणित हाय. परवापासनं सुटंना झालंय.''

''आण, दावतो.''

''हात लावू नगंस. माझं मला सुटू दे.''

मी तिथंच उभा राहिलो. तिनं मान वर करून फळीवरच्या माझ्या पुस्तकांकडं बघितलं.

''भूषण, परीक्षाच नसती तर ह्यातलं कुठलं उघडलं असतंस रं?''

टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी फळीवरची नावं एकेक करून वाचत गेलो. शेवटच्या पुस्तकापर्यंत गेलो, आणि परत पहिल्यापासनं सुरू केलं.